पॅकेजमध्ये पेज नव्हती

गाय व्यायला टेकली नसती तर मी त्या हॉटेलात गेलेच नसते.

बुकिंग माझ्यासाठी नव्हतंच. पुतण्यानं, म्हणजे थोरल्या दिरांच्या मुलानं, आईवडलांच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून अलिबागच्या पुढे समुद्राकाठी एका स्वस्तातल्या हॉटेलात दोन रात्रींचं पॅकेज घेतलं होतं. राहणं, चहा, नाश्ता, दोन्ही वेळचं जेवण, सगळं त्यातच. गावी, पोशीरला, आमचं भात झोडून झालं होतं, शेतात वाल चांगले धरले होते, घरातून हलायला यापेक्षा बरा वेळ मिळाला नसता. थोरल्या दिरांनी नवी चप्पलसुद्धा आणली होती. पण निघायच्या आदल्या संध्याकाळी ते गोठ्यात गेले आणि परत येऊन पायरीवर बसले.

"गाय आज-उद्या व्याईल," ते म्हणाले. "मी काय येत नाय."

पुतण्या चिडला, समजावून थकला. मग बाई अंगण ओलांडून माझ्या दारात आल्या. बाई म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. लग्न होऊन आले तेव्हापासून मी त्यांना बाईच म्हणते.

"धाकटे, तूच चल गं माझ्यासंगती," त्या म्हणाल्या. "मी एकटी तिथं काय करू?"

खरं सांगायचं तर मला जायचं नव्हतं. त्या दिवसांत माझं मन कुठंच ठरत नव्हतं. दिवाळीच्या सुमारास कर्जतच्या डॉक्टरांनी मला साखर असल्याचं सांगितलं होतं, आणि तेव्हापासून माझ्या जेवणातली चवच गेली होती. भात वाटीनं मोजून घ्यायचा, जेवण झालं की नेरळच्या रस्त्यानं चालत सुटायचं, घरी आलं की बोटाला सुई टोचून आकडा बघायचा. शाळेत मी क्लार्क आहे. हजेरीपट बघतानाही मनात दुपारच्या डब्याचाच हिशेब. माझे यजमान भिवपुरीच्या वीजघरात पाळीवर असतात. ते म्हणायचे, "तू जेवत नाहीस, परीक्षा देतेस." आता अशा बाईनं जिथं सकाळपासून रात्रीपर्यंत नुसतं खायला घालतात तिथं जायचं? पण बाई दारात उभ्या होत्या, आणि त्यांनी माझ्याकडे स्वतःसाठी कधी काही मागितलेलं नव्हतं. मी पिशवीत गोळ्या, साखर तपासायचं मशीन आणि फुटाण्यांची पुडी भरली.

सकाळी पुतण्या गाडीनं सोडायला आला. कर्जत गेलं, पुढं हायवेला लागल्यावर कुंभिवलीजवळ त्यानं गाडी हळू केली.

"आई, ती बघ, ती निळ्या पत्र्याची. माझी कंपनी."

बाईंनी मान वळवून बघितलं. "एवढ्या धुरात बसतोस होय रं?"

"धूर बाहेर असतो आई. मी आत बसतो."

त्यावर बाई हसल्या. मला आठवतं, कारण पेण येईपर्यंत त्या पुन्हा बोलल्या नाहीत. डोकं काचेला टेकून बसल्या होत्या. मला वाटलं, गाडी लागली असेल.

हॉटेल दुमजली होतं, गुलाबी रंगाचं. समोर सुरूची झाडं, त्यापलीकडे वाळू आणि पाणी. पोहायच्या तलावात मुंबईहून आलेले ग्रुप आरडाओरडा करत होते. जेवणाचा हॉल लांबलचक. भिंतीलगत टेबलांवर झाकणवाली मोठमोठी भांडी, खाली निळा जाळ, आणि लोक हातात ताटं घेऊन रांगेत. पैसे भरलेलेच होते, तेव्हा जो तो डोंगर रचत होता. नूडल्सवर पुरी, पुरीवर कोंबडी, कडेला जिलबी.

मी मनाशी ठरवूनच आले होते. बाईंनाही सांगितलं, "आधी हातात ताट घ्यायचं नाही. नुसतं फिरून सगळं बघायचं, मग काय घ्यायचं ते ठरवायचं."

"परदक्षिणा घालायची म्हण की," बाई म्हणाल्या.

आम्ही प्रदक्षिणा घातली. मी निम्मं ताट काकडी-टोमॅटोनं भरलं, मुगाची उसळ घेतली, तळलेला बांगडा घेतला, भात जेमतेम मूठभर. गोडाच्या टेबलाकडे पाठ करून बसले. बाई आल्या त्या भात आणि डाळ घेऊन. भात थोडा आणि डाळ इतकी की ताटाच्या कडेनं वाहायला आली होती.

"मासा नाही घेतलात?"

"काटं असतात गं."

मी घास तसाच धरून त्यांच्याकडे बघितलं. आमच्या ओढ्यातल्या बारक्या मासळीचं कालवण करून, एकेक काटा जिभेनं बाजूला काढत बोलता बोलता ताट साफ करणारी ही बाई. तिला बांगड्याच्या काट्याचं भय कधीपासून?

मग मी बघतच राहिले. बाई भात डाळीत कालवून बोटांनी अगदी मऊ करत होत्या. सुपारीएवढा घास. तो तोंडात गेला की मान खाली, डोळे मिटल्यासारखे, मग पाण्याचा घोट. मग एक हात छातीवर, पदर सारखा केल्यासारखा. मग पुढचा घास. माझं ताट संपलं तेव्हा त्यांचा निम्मा भातही गेला नव्हता.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की इतक्या वर्षांत मी बाईंना समोर बसून जेवताना कधी बघितलंच नव्हतं. चूल एक होती तेव्हा त्या सगळ्यांना वाढून झाल्यावर चुलीकडे तोंड करून जेवायच्या. चुली वेगळ्या झाल्यावर तर प्रश्नच नव्हता. सणावाराला त्या वाढायला असायच्या, आणि "तुमी जेवा, माझं मागनं होईल" हे त्यांचं वाक्य सगळ्यांना पाठ होतं.

"बाई, पोटात दुखतंय का?"

"नाय गं. लोकं किती टाकतात ते बघत होते." त्यांनी शेजारच्या टेबलावरच्या उष्ट्या ताटांकडे बोट दाखवलं. ते खरं होतंच. पण मन गप्प बसेना.

दुपारी आम्ही वाळूवर गेलो. मी सवयीनं चालायला लागले. सुरूच्या झाडांपासून होड्या लावल्या होत्या तिथपर्यंत जायचं आणि परत यायचं. बाई एका ओंडक्यावर बसल्या होत्या. प्रत्येक फेरीला मी त्यांच्याकडे बघायची आणि प्रत्येक फेरीला काहीतरी नवीन दिसायचं. ब्लाउजची बाही दंडावर ढिली पडली होती. बांगड्या कोपराकडे सरकायच्या. घरी त्या सतत कामात असतात. हलणाऱ्या माणसाचं वाळणं दिसत नाही. इथं त्या नुसत्या बसल्या होत्या, उन्हात, आणि सगळं दिसत होतं.

संध्याकाळच्या जेवणाला हॉलमध्ये गाणी लावली होती. मी ठरवल्याप्रमाणे कोशिंबीर घेतली, भाजी घेतली, एक चपाती घेतली, आणि मग, कशी कोण जाणे, एक गुलाबजामही वाटीत आला. मी तो खाल्लाही. चव कळली नाही. डोळे बाईंवर होते. आग्रह केला म्हणून त्यांनी चपातीचा तुकडा मोडला होता. एक घास गेला. दुसरा घास घेतला आणि त्यांचे डोळे मोठे झाले. हात छातीवर गेला. पाणी प्यायल्या, ते पाणीही वरच राहिल्यासारखं झालं. खुर्ची मागं सारून त्या बेसिनकडे गेल्या. मी मागोमाग गेले. घास जसाच्या तसा बाहेर आला.

मी पाठीवरून हात फिरवला. हाताला मणके लागले.

"काय नाय. घास बसला," त्या म्हणाल्या आणि नळाखालचं बेसिन हातानं धुवायला लागल्या. हॉटेलचं बेसिन.

"राहू दे ते बाई. कधीपासून होतंय हे?"

त्या धूतच राहिल्या.

"कधीपासून?"

"गणपतीच्या आधीपासनं," त्या म्हणाल्या. "भाकरी नाय जात. भात जातो ना. मग काय एवढं."

"भाऊजींना सांगितलंत?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच काहीतरी वेड्यासारखं विचारलं होतं. मग पदरानं तोंड पुसून म्हणाल्या, "चल. तुझं जेवान गार झालं."

रात्री झोप लागली नाही हे वेगळं सांगायला नको. सकाळी हॉलमध्ये पोहे होते, मिसळ होती, ब्रेड, उकडलेली अंडी, सगळं होतं. बाईंनी चहाचा कप घेतला आणि बसून राहिल्या. एवढ्या अन्नात या बाईच्या नरड्याखाली उतरेल असं काही नसावं, हे मला सहन होईना. मी उठले आणि स्वयंपाकघराच्या दाराशी गेले. आत माझ्याच वयाची एक बाई कांदा चिरत होती.

"पेज मिळेल का? तांदळाची, पातळ?"

तिनं सुरी थांबवली. "पेज? पॅकेजमध्ये पेज नाय हो."

"आमच्या जाऊबाईंना गिळायला त्रास होतोय. दुसरं काही जात नाही."

ती दारापर्यंत आली, हात पुसत बाहेर डोकावली. बाई त्या रिकाम्या टेबलाशी कप धरून बसल्या होत्या. "बसा तुमी," ती म्हणाली. "लावते कुकरला."

थोड्या वेळानं तिनं स्टीलच्या वाडग्यातून पेज आणली. वाफाळती, मिठाची, वर तुपाचा थेंब. बाईंनी वाडगा दोन्ही हातांनी उचलला, फुंकर मारून मारून प्यायल्या आणि रिकामा करूनच खाली ठेवला. तोंडावर रंग आला. त्यांना इतकी भूक होती, आणि मी आदल्या दिवसभर माझ्या भाताचे घास मोजत होते.

स्वयंपाकघरातल्या त्या बाईनं मग आमची सगळीच व्यवस्था बदलून टाकली. दुपारी मऊ मुगाची खिचडी, डाळीचं वरचं पाणी, कुस्करलेलं केळं दह्यात. संध्याकाळी शिजवून घोटलेला दुध्या. बाईंना वाढताना मीही तेच खाल्लं, कारण रांगेत उभं राहायचं भानच नव्हतं. सुई टोचून बघितली तेव्हा आकडा महिन्याभरात आला नव्हता इतका चांगला आला. मशीन बिघडलंय की काय म्हणून मी पुन्हा टोचून घेतलं.

त्याच दिवशी, सकाळची पेज झाल्यावर आम्ही पुन्हा त्या ओंडक्यावर जाऊन बसलो होतो. म्हणजे बाई बसल्या. मी उभी होते, फोन हातात धरून. पुतण्याला सांगायचं होतं. आत्ताच्या आत्ता गाडी घेऊन ये म्हणायचं होतं.

"ठेव तो," बाई म्हणाल्या.

"बाई, हे अंगावर काढायचं दुखणं नाही."

"मला ठाऊक हाय काय हाय ते." त्या समुद्राकडे बघत होत्या. "माझ्या आयेचं असंच झालं होतं. आधी भाकरी राहिली, मग भात राहिला, मग पेज. मग पाणीबी जाईना. मी तेवा लेकुरवाळी, पोर कडेवर घेऊन जायची तिला बघायला. चमच्यानं पाणी घालायचो आमी बहिणी."

"मनून नाय सांगितलं. सांगितलं का सगळं सुरू होतं. दवाखाना, रडारड, ह्याला बोलव, त्याला बोलव. पोराचं काम सुटतं. आता वालाच्या शेंगा निघतील, गाय व्याईल..." त्या थांबल्या. "उद्या घरी गेल्यावर तुला काय करायचं ते कर. मी नाय मनणार नाय. आजचा दिस मला हितं बसू दे."

मी फोन पिशवीत टाकला. बसले. लगेच उठले. होड्यांपर्यंत गेले, परत आले. एक अख्खा दिवस! गणपतीपासून इतके महिने गेले होते आणि आता मला एक दिवस जड झाला होता. बाई मात्र निवांत होत्या, तसं मी त्यांना कधी बघितलंच नव्हतं. सांगून टाकल्यानं त्या हलक्या झाल्या होत्या आणि त्यांचं सगळं ओझं जणू माझ्या पायांत उतरलं होतं.

"किती हेलपाटं घालशील गं," त्या म्हणाल्या. "ये, पाण्यात जाऊ."

त्यांनी लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलं आणि माझा हात धरून पाण्यात उतरल्या. लाट आली की पायाखालची वाळू सरकायची आणि बाई मोठ्यानं हसायच्या. तेवढ्यात माझा फोन वाजला. थोरले दीर होते. गाय व्याली, कालवड झाली, दोघी बऱ्या आहेत. मी फोन बाईंच्या कानाला लावला.

"खरवस ठेवा आमाला," त्या ओरडून म्हणाल्या. "तो जाईल मला!"

पलीकडे दिरांना त्यातलं काय कळलं असेल, काय माहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुतण्या न्यायला आला. पेणला तो पेट्रोल भरायला थांबला, बाई गाडीतच होत्या. मी त्याला हवा भरतात तिथं बाजूला नेलं आणि सगळं सांगितलं. त्याच्या आजीचंही सांगितलं. तो पस्तिशीचा बाप्या, पण खालचा ओठ लहान पोरासारखा हलला. पुढं खोपोलीपर्यंत त्यानं आरशातून आईकडे किती वेळा बघितलं असेल. कुंभिवलीला कंपनी मागं गेली ती त्याला दिसलीसुद्धा नाही.

"आई, उद्या आपण पनवेलला जायचं. डॉक्टरकडे."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. "सांगितलंस ना?"

"सांगितलं."

"बरं झालं. मला नसतं जमलं."

घरी थोरले दीर अंगणात वाटच बघत होते. त्यांनी आधी हात धरून बाईंना गोठ्यात नेलं, कालवड दाखवली. मग पुतण्यानं त्यांना बाजूला घेऊन सांगितलं. ते बराच वेळ गोठ्याच्या खांबाला धरून उभे होते. मला बघून म्हणाले, "मला वाटायचं, ती जेवते मागनं."

पनवेलच्या डॉक्टरांनी घशातून नळी घालून बघितलं. अन्ननलिका खालच्या बाजूला इतकी अरुंद झाली होती की नळी पुढं जाईना. तिथला बारीकसा तुकडा त्यांनी तपासायला पाठवला. रिपोर्ट येईपर्यंत त्यांनी काही बोलायचं नाकारलं, आणि ते दिवस कसे काढले ते माझं मला माहीत. शाळेत एकाच मुलाचा दाखला दोनदा लिहिला. दूध उतू घालवलं. गोडाचा कण न खाता माझी साखर वर गेली. संध्याकाळी चालायला निघायची तर पाय आपोआप बाईंच्या दाराशी वळायचे. त्या वालाच्या शेंगा सोलत बसलेल्या असायच्या. मी समोर बसून सोलू लागायची, आणि त्यांच्यापेक्षा माझ्याच हातून जास्त दाणे जमिनीवर सांडायचे.

रिपोर्टमध्ये कॅन्सर नव्हता.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. वर्षानुवर्षं ॲसिड वर येत राहिलं, त्यानं अन्ननलिका आतून पोळली, व्रण भरता भरता आवळत गेली. बाई जळजळ झाली की चिमूटभर खायचा सोडा पाण्यातून घ्यायच्या आणि पुन्हा कामाला लागायच्या, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. त्याला कुणी दुखणं म्हटलं नव्हतं. ती रुंद करून घ्यायला दोनदा जावं लागलं. आता त्या रोज सकाळी उठल्यावर गोळी घेतात. थोडं थोडं खायचं, जेवून लगेच आडवं व्हायचं नाही, तिखट आणि कोरा चहा कमी. त्यांच्या आईला नेमकं काय झालं होतं, ते आता कुणालाच कळणार नाही. बाई त्यावर एवढंच म्हणाल्या, "तिला कुणी नळी घातली नाय."

डॉक्टरांकडून निघताना बाईंनी दारातून वळून विचारलं होतं, "भाकरी जाईल का?"

"जाईल आजी. सावकाश."

ती गेली. वालाच्या आमटीत भिजवून, सावकाश. त्या दिवशी थोरले दीर जेवून उठले नाहीत. हात वाळले तरी ताटावर बसून राहिले, बाईंचं होईपर्यंत. बाईंना ते इतकं अवघड झालं की त्या म्हणाल्या, "उठा ना आता. काय तमाशा हाय का?"

बाईंचं वजन भरलं. मी मात्र ताळ्यावर आले नाही. समोर कुणी जेवायला बसलं की माझी नजर त्याच्या गळ्याकडे जाते. शाळेत डबे उघडले की कोण किती पाणी पितंय ते बघते. यजमान एकदा ताट बाजूला सारून म्हणाले, "माझे घास मोजतेस काय गं?" मी नाही म्हटलं, आणि मोजत होते.

मेच्या सुट्टीत भिवपुरीला एका लग्नाला गेले होते. पंगतीत माझ्या समोर एक अनोळखी बाई बसली होती. प्रत्येक घासाला पाणी. घास, पाणी. घास, पाणी. मी ताटाकडे बघायचा प्रयत्न केला. वाढप्यानं बुंदी वाढली ती नको म्हणायचंही राहून गेलं. शेवटी मी उठले, उष्टा हात तसाच धरून पंगत ओलांडली आणि तिच्यापाशी वाकले.

"ताई, घास अडकतो का हो तुमचा? कधीपासून?"

ती दचकली. डोळ्यांत पाणी होतं. "नाय हो," ती म्हणाली. "रस्सा लई तिखट हाय."

मी जागेवर येऊन बसले. शेजारणी तोंडाला पदर लावून हसत होत्या. मीही हसले. पण ती बाई हात धुऊन, पान खाऊन मांडवाबाहेर जाईपर्यंत माझं लक्ष तिच्यावरच होतं.